पेर्सिदाबाईंच्या घरात वारा शिरत नाही

माणूस तीनच कारणांनी मरतो, असं लेस्कोवात्स गावच्या पेर्सिदाबाईंचं एक्याऐंशी वर्षांच्या अनुभवाचं मत आहे: आरपार वाऱ्याने, ओल्या केसांनी बाहेर पडल्याने आणि थंड फरशीवर बसल्याने. बाकीचे आजार डॉक्टरांनी आपल्या पोटापाण्यासाठी शोधून काढलेत. बाईंचे यजमान ट्रॅक्टरखाली सापडून गेले. पण विचारा बाईंना, त्या सांगतील की आदल्या दिवशी बसमध्ये दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या होत्या. मान आखडली. मान वळेना, तर ट्रॅक्टर दिसणार कसा?

तेव्हापासून त्यांनी वाऱ्याशी उभा दावा मांडला. ऑक्टोबर सरता सरता घराची प्रत्येक फट बुजते. चिंध्या भरून शिवलेल्या लांबलचक उशा खिडक्यांच्या तळाशी आणि दारांच्या पायथ्याशी अजगरासारख्या पसरतात, त्या एप्रिलशिवाय हलत नाहीत. या घरात कोळ्यांची जाळीसुद्धा हलत नाहीत, असं लोक म्हणतात. अर्थात हळू आवाजात, कारण घरात जाळी आहेत असं पेर्सिदाबाईंना सांगणार कोण?

त्यांचा एकुलता मुलगा स्वेतोझार, घरचं नाव तोझा. बाजारपेठेच्या तोंडाशी त्याची कोळशाच्या शेगडीची टपरी. ताटाएवढी खिम्याची टिक्की तो अशी भाजायचा, की उपास धरणारी माणसं रस्ता बदलून जायची. आमच्याकडे शेगडीवाल्याची परीक्षा त्याच्या पोटावरून होते. काटकुळ्या शेगडीवाल्याच्या हातचं कुणी खात नाही. स्वतःचं खाऊन ज्याचं अंग भरलं नाही, तो दुसऱ्याचं काय भरणार? या हिशेबाने तोझा गावातला सर्वांत विश्वासू माणूस होता. एकशे एक्कावन्न किलो विश्वास.

पण साखर वाढली, गुडघे बोलायला लागले, झोपेत श्वास थांबायला लागला. तो थांबला की बायको देसांका कोपराने ढोसायची आणि पुन्हा सुरू झाला की स्वतः झोपायची. अशी दोन वर्षं काढल्यावर तिने त्याला पाऊण तासावरच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. डिसेंबरच्या आठ तारखेला डॉक्टरांनी त्याच्या जठराचा तीन चतुर्थांश भाग कापून टाकला. उरलं ते केळ्याएवढं.

तोझाने बायकोला एकच शपथ घातली.

"कुणाला कळता कामा नये. आईला तर नाहीच."

"मग काय सांगू?"

"पित्ताशय. पित्ताशयात खडे असणं मानाचं असतं. खाल्लेलं दिसतं त्यात."

त्यामुळे साऱ्या गावाला पित्ताशय ठाऊक होतं. ते काढलं म्हणून पथ्याचं सूप, असं सांगितल्यावर पेर्सिदाबाईही गप्प बसल्या. म्हणजे त्यांच्या मानाने गप्प.

आता देसांकाबद्दल. ही बाई बावीस वर्षं रेल्वे फाटकावर होती. फाटक पाडायचं, गाडी जाऊ द्यायची, फाटक उचलायचं. ट्रकवाले हॉर्न वाजवून बेजार करायचे, गाड्यांतून मुंड्या बाहेर काढून ओरडायचे, "अगं बाई, गाडी कुठे दिसतेय?" देसांका खुर्चीवर बसून विणकाम करायची. एकदा नगराध्यक्ष स्वतः उतरून आले, मुलीच्या साखरपुड्याला उशीर होतोय म्हणाले. देसांकाने मुलीला शुभेच्छा दिल्या. फाटक उचललं नाही. लाल म्हणजे लाल. गाडी दिसत नाही हे काही कारण नव्हे.

इस्पितळातून निघताना नर्सने तिच्या हातात एक कागद दिला. त्यात तीन रकाने: हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात जे आहे ते होणारच, घाबरू नका. पिवळ्यात आहे ते झालं तर दिवसा फोन करा. लाल रकान्यातलं काही झालं तर वाट पाहू नका, घरच्या डॉक्टरांना विचारत बसू नका. फोन करा आणि निघा. देसांकाला वाटलं, हा कागद आपल्याच खात्यातल्या कुणीतरी लिहिलाय. तिने तो फ्रिजच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला, म्हणजे पाहुण्यांना दिसू नये.

पण फाटकावर बावीस वर्षं काढली तरी माणसाचं पोट म्हणजे रेल्वे नव्हे. पाचव्या दिवशी तोझाला उचकी लागली. तासभर थांबेना. देसांकाने कागद न पाहताच अँब्युलन्स बोलावली. निळे दिवे, भोंगा, सगळी गल्ली खिडक्यांत. अँब्युलन्सच्या डॉक्टरने तोझाला तपासलं, पोटावर टिचकी मारली आणि म्हणाला, "गॅस." त्या दिवसापासून तोझा रस्त्यात दिसला की पोरंसोरं उचकी देऊ लागली. कागदात उचकी हिरव्या रकान्यात होती. दुसऱ्या ओळीत, ठसठशीत.

आणि मग उजाडली एकोणीस तारीख. संत निकोलाचा दिवस.

हा तोझाच्या घराण्याचा संत, म्हणून हा त्यांचा स्लावा. वर्षातून एकदा घराण्याच्या संताच्या नावाने मेणबत्ती लावायची, पाद्रीबुवांनी भाकरीवर वाईन ओतायची आणि दार उघडं ठेवायचं. आमंत्रण कुणालाच नसतं आणि येतात सगळे. नाताळाआधीचा उपास म्हणून मांस नाही, पण मासळी चालते. तेव्हा आदल्या रात्रीपासून देसांका मासे तळत होती, घेवडा भाजत होती आणि गोड गव्हाच्या डोंगरावर अक्रोड पेरत होती. दिवसभराचा नियम एकच: यजमान बसत नाही. सकाळी मेणबत्ती पेटते, संध्याकाळी यजमान ती वाईनने विझवतो; तोवर तो उभा राहून वाढतो, ओततो, पाहुण्यांच्या मागे उभा राहतो. केळ्याएवढं जठर घेऊन फिरणाऱ्याला यापेक्षा सोयीचा सण सापडायचा नाही. उभ्या माणसाच्या ताटात काय आहे ते कोण बघतो?

दुपारी दोनला घरात चाळीस माणसं होती. देसांका लोणच्याच्या मिरच्या काढायला कोठीत गेली आणि थबकली. पिठाच्या पोत्यावर तोझा बसला होता.

स्लावाच्या दिवशी यजमान बसला होता!

"काय होतंय?"

"काही नाही. डाव्या खांद्यात कळ मारतेय. वारा बाधलाय."

"कधीपासून?"

"पहाटेपासून."

"आणि आत्ता सांगतोयस?"

"तू आत्ता विचारलंस."

डिसेंबरात त्याच्या कपाळावर घाम होता. जिना न चढताच धाप लागली होती. देसांकाने अंडी उकडायचं घड्याळ आणलं आणि नाडी धरली. मिनिटाला एकशे सव्वीस. मासे तळून तळून आपलं डोकं ठिकाणावर नसेल, म्हणून पाच मिनिटं त्याला तसंच बसवून पुन्हा मोजली. एकशे अठ्ठावीस. ताप अडतीसच्या वर. ती फ्रिजपाशी गेली, दार उघडलं आणि यावेळी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. विश्रांती घेत असतानाही नाडी एकशेवीसच्या वर. ताप. डाव्या खांद्यात दुखणं. धाप. चारही लाल रकान्यात, एकाखाली एक, जसे मालगाडीचे डबे.

तिने कागद सोडवून घेतला आणि त्यावरचा नंबर फिरवला.

"देसांकाताई ना?" नर्सने आवाज ओळखला. "आज काय, पुन्हा उचकी?"

देसांकाने आकडे सांगितले. पलीकडचं हसू क्षणात विझलं.

"निघा. तोंडात काही घालू नका, पाण्याचा घोटसुद्धा नाही. कापलेल्या जागी गळत असेल तर तासातासाला वाढत जातं. मी इथे सांगून ठेवते."

अँब्युलन्सला फोन करून देसांका कोठीत परतली. तोझा उभा राहायचा प्रयत्न करत होता.

"तोझा, निघायचंय."

"वेड लागलंय का? घरात चाळीस माणसं आहेत. मेणबत्ती पेटलेली असताना यजमान उंबरा ओलांडत नाही. आजोबा याच दिवसासाठी पलटणीतून पळून आले होते."

"आणि पकडले गेले."

"पकडले गेले, पण मेणबत्ती विझल्यावर! शिपाई ओसरीवर जेवत थांबले होते. संध्याकाळी जाऊ."

"लाल आहे, तोझा."

"परवा उचकी, आज खांदा. उद्या शिंकलो तर हेलिकॉप्टर बोलावशील. वारा बाधलाय गं. सकाळपासून स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधल्या दारात उभा आहे, दुसरं काय होणार?"

कोठीच्या दारात तोवर रादिसाव येऊन उभा राहिला होता. हा तोझाच्या लग्नातला साक्षीदार. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या एक पायरी वर. निवृत्त बस ड्रायव्हर. बसच्या खिडक्यांवरून तीस वर्षं प्रवाशांची भांडणं सोडवल्यामुळे वाऱ्याच्या बाबतीत तोही मोठा जाणकार.

"वारा?" त्याने आनंदाने विचारलं. "डाव्या बाजूला? मग स्वयंपाकघराकडून आलाय. उजवीकडून आला की कंबर धरतो."

दोन मिनिटांत कोठी भरली. पाद्रीबुवा म्हणाले, त्यांनाही चर्चमध्ये असाच वारा लागतो, पण मानेला. कुणी म्हणालं, राकियात, म्हणजे घरच्या कडक दारूत, भिजवलेलं फडकं पाठीला बांधा. रादिसाव म्हणाला, बाहेरून बांधून उपयोग नाही, आतून शेक हवा, आणि त्याने आलुबुखाराच्या राकियाचा ग्लास तोझाच्या ओठांपर्यंत नेला. देसांकाने झडप घालून तो हिसकावला.

"अगं वहिनी, औषध आहे!"

"मग तू घे. तुला गरज पडणार आहे."

रादिसावने घेतलं. तो आज्ञाधारक माणूस आहे.

देसांकाने सगळ्यांकडे पाहिलं. चाळीस ट्रकवाले, आणि सगळे हॉर्न वाजवतायत. तिला ठाऊक होतं की एवढ्या धडाला ती एकटी हलवू शकत नाही. आणि हेही ठाऊक होतं की वाऱ्यापुढे कागद टिकत नाही. आमच्या गावात वाऱ्याला फक्त एकच माणूस अडवू शकतं, आणि ते माणूस आत्ता बैठकीत खिडकीपाशी बसून माशाचे काटे काढत होतं.

तिने आवाज चढवला.

"बरोबर बोललात सगळे! वाराच बाधलाय. या घरात वारा नुसता खेळतोय!"

बैठकीत काटा ताटात पडल्याचा आवाज आला.

"कुठल्या घरात?" पेर्सिदाबाईंनी तिथूनच विचारलं.

"याच घरात, आई. लोक म्हणतायत. इकडून शिरतो, तिकडून जातो. पोरगं आजारी पडलं तुमचं."

काठी आपटत पेर्सिदाबाई मधल्या दारात आल्या. माणसं आपोआप बाजूला झाली.

"कोण म्हणतं माझ्या घरात वारा आहे?"

रादिसावने ग्लासात पाहिलं. पाद्रीबुवांनी छताकडे पाहिलं.

"म्हणजे मी फटी बुजवत नाही? चव्वेचाळीस उशा शिवल्यात मी या हातांनी! चव्वेचाळीस!" बाईंनी काठी उगारली आणि कोपऱ्यातल्या संताच्या तसबिरीकडे दाखवली. तिच्यापुढे सकाळी नऊपासून मेणबत्ती जळत होती, दोन दारांच्या बरोबर मधोमध. "डोळे आहेत ना? बघा ती ज्योत! हलतेय?"

चाळीस माणसांनी पाहिलं. ज्योत सुईसारखी उभी होती. वितळलेलं मेण चारही अंगांनी सारखं ओघळलं होतं, जणू कुणी मापाने ओतलंय.

"पाद्रीबुवा, तुम्ही देवाचे माणूस. सांगा, हलतेय?"

"नाही हलत," पाद्रीबुवा खालच्या आवाजात म्हणाले.

"मग वारा नाही!" पेर्सिदाबाई जिंकल्या. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, विजय सगळ्यांना पोचला याची खात्री केली. आणि मग त्यांची नजर मुलाच्या चेहऱ्यावर गेली. तो राखाडी दिसत होता, विझलेल्या कोळशासारखा. काठी खाली आली.

"वारा नाही," त्या हळू म्हणाल्या. "मग माझ्या पोराला झालंय काय?"

याच प्रश्नाची देसांका वाट पाहत होती. तिने ॲप्रनच्या खिशातून कागद काढला आणि लाल रकाना मोठ्याने वाचला. मग वरचं शीर्षकही वाचलं, कारण आता इलाज नव्हता. जठराच्या ऑपरेशननंतर.

तोझाने डोळे मिटले.

"म्हणजे," रादिसावने हिशेब केला, "अकरा दिवस मी रोज त्याच्या पित्ताशयाच्या नावाने पितोय, आणि ते जागेवरच आहे?"

"किती कापलं?" पेर्सिदाबाईंनी विचारलं.

"चारातले तीन भाग, आई."

"आणि मला सांगितलं नाही."

"आई, शेगडीवाल्याने असं... लोक काय..." तोझाला वाक्य पुरं करायलाही श्वास पुरत नव्हता.

"गप्प बस. तुझ्याकडे नंतर बघते. आधी जग, मग मारते." त्या सुनेकडे वळल्या. "गाडी बोलावलीस?"

"बोलावली."

"मग हा अजून इथे का आहे?"

"आई, मेणबत्ती..." तोझाने शेवटचा प्रयत्न केला. "यजमानाशिवाय..."

"या घराची यजमानीण मी तुझ्या आधीपासून आहे," पेर्सिदाबाई म्हणाल्या. "तू जा. मी उभी राहते."

गुडघ्यांमुळे ही बाई चार वर्षं चर्चमध्येही बसूनच प्रार्थना करत होती.

अँब्युलन्स आली. परवाचाच डॉक्टर होता. दारातूनच म्हणाला, "उचकी?" देसांकाने उत्तर न देता कागद आणि नाडीचे आकडे त्याच्या हातात ठेवले. त्याने तोझाच्या पोटाला हात लावला, आणि यावेळी टिचकी मारली नाही. स्ट्रेचर मागवलं. पण दारात पेर्सिदाबाई गोड गव्हाचं ताट घेऊन उभ्या. संताच्या दिवशी गव्हाचा चमचा घेतल्याशिवाय या उंबऱ्यातून कुणी आत जात नाही आणि बाहेर तर नाहीच.

"आजीबाई, घाई आहे!"

"मग पटकन गिळा."

डॉक्टरने गिळलं. ड्रायव्हरने गिळलं. स्ट्रेचरचं मागचं टोक धरणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले. त्याला पेर्सिदाबाईंनी भरवलं. तोझाने सवयीने तोंड उघडलं, तर सासू-सून एका सुरात ओरडल्या, "तू नाही!"

त्या संध्याकाळी पेर्सिदाबाई सात वाजेपर्यंत उभ्या राहिल्या. पाहुण्यांनी खुर्च्या पुढे केल्या, त्यांनी काठीने मागे सारल्या. मग मेणबत्ती वाईनने स्वतःच्या हाताने विझवली, आणि तेव्हा कुठे बसल्या. बसल्या त्या फोनशेजारी.

फोन नऊला आला. टाक्यांच्या रेषेत वरच्या टोकाला बारीकसं छिद्र पडलं होतं. ऑपरेशन झालं, आतलं धुऊन काढलं, नळी घातली. सर्जन देसांकाला म्हणाले, असं शंभरातल्या एकदोघांना होतं, कुणाची चूक नसते. आज आणलंत हे बरं केलंत. उद्या सकाळी आणला असतात तर... आणि त्यांनी वाक्य अर्धंच सोडून चष्मा पुसायला घेतला. देसांकाने ते पुरं करायला सांगितलं नाही. ती बाहेर बाकावर बसली आणि इतके दिवस न रडलेलं सगळं रडून घेतलं. मग घरी फोन केला आणि सांगितलं, "आई, गाडी गेली. फाटक उघडलं."

पाचव्या दिवशी तोझाला वॉर्डात आणलं, तेव्हा पेर्सिदाबाई रादिसावच्या गाडीतून भेटायला आल्या. साऱ्या गावाला आता खरं काय ते कळलं होतं, हे रादिसावने आल्याआल्या सांगितलं. टपरीसमोर लोक उभं राहून चर्चा करतात. अर्धे म्हणतात, आता याच्या हातचं खाण्यात अर्थ नाही. अर्धे म्हणतात, जो माणूस स्वतः खाऊ शकत नाही तो दुसऱ्याला काटा मारणार नाही, टिक्की उलट मोठी मिळेल.

पेर्सिदाबाईंचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी मुलाच्या गालावरून हात फिरवला, ताप पाहिला, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग त्यांची मान हळूहळू वर गेली. छतात एसीची जाळी होती.

"ऑपरेशनच्या खोलीतही असं आहे?" त्यांनी विचारलं.

"असणारच, आई," देसांका म्हणाली.

"पहिल्या वेळी पण होतं?"

"होतं की."

बाईंनी पिशवीत हात घातला. स्लावाच्या मेणबत्तीचा उरलेला तुकडा त्यांनी मुलाला दाखवायला आणला होता. देसांकाला काय चाललंय ते कळायच्या आत त्या काडी ओढून, हात उंच करून जाळीखाली उभ्या होत्या.

ज्योत आडवी झाली. पार आडवी, वाकून नमस्कार केल्यासारखी.

"बघ!" पेर्सिदाबाईंचा चेहरा उजळला. "बघ सूनबाई! पाच तास उघड्या पोटाने पोरगं याच्याखाली निजवलं होतं. म्हणे कुणाची चूक नसते! छिद्र कशाने पडलं ते कळलं आता?"

नर्स धावत आली, फुंकर मारून मेणबत्ती विझवली आणि बाईंना जे काही सुनावलं त्याच्याशी वॉर्डातले सगळे सहमत होते. पेर्सिदाबाईंनी तिला शांतपणे विचारलं की तिची मान अलीकडे आखडते का. नर्सचा हात मानेवर गेला. आखडत होती.

पलंगावर तोझाला हसू आवरेना. नळी हलली, टाके ओढले गेले, तो पोट धरून कळवळला आणि पुन्हा हसला.

"दुखतंय का रे?" देसांका ताडकन उठली. हात आधीच पर्समध्ये गेला होता. कागद उलगडून तिने हिरवा रकाना वाचला, पिवळा वाचला, लाल दोनदा वाचला. हसल्यावर दुखणं कुठेच नव्हतं.

तिने कागद नर्सपुढे धरला. नर्स एका हाताने स्वतःची मान चोळत होती. दुसऱ्या हाताने तिने पेन काढलं आणि हिरव्या रकान्यात, उचकीच्या खाली, एक ओळ लिहून दिली.